मागून येणारी मोटार

अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांवर भारतीय प्रवाशाचे लक्ष हमखास वेधून घेणारे एक दृश्य असते. बसएवढे प्रशस्त, खिडक्यांना पडदे लावलेले एक फिरते घर संथपणे पुढे चाललेले असते आणि त्याच्या मागे, लोखंडी दांड्याने जोडलेली एक लहान मोटार चालकाविना, स्वतःच्या चारही चाकांवर निमूटपणे धावत असते. आपल्याकडे एक गाडी दुसऱ्या गाडीस ओढताना दिसते ती बहुधा बिघाड झाल्यावरच. आपल्या १९८९ च्या वाहतूक नियमावलीत तर असे ओढणे नादुरुस्त वाहनापुरतेच मर्यादित होते आणि त्याची गती ताशी २४ किलोमीटरच्या आत ठेवण्याचे बंधन होते. तिकडे मात्र धडधाकट, नवी कोरी मोटार शेकडो मैल अशी ओढून नेली जाते. ती नेण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि ते दुर्लक्षिले तर खिशाला व कधी जिवालाही चांगलीच झळ पोहोचते.

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. इंदूरच्या आपल्या समाजातील किती तरी डॉक्टर कुटुंबांची मुले आज अमेरिकेत स्थिरावली आहेत. आमच्या पिढीचे जे वर्गमित्र एम.जी.एम. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून तिकडे गेले, त्यांच्यापैकी काही आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि त्यांतील एका-दोघांनी मोटरहोम घेतले आहे. उन्हाळ्यात मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांस ‘चला, या वेळी मोटरहोमने फिरू’ असे आमंत्रण मिळणे आता नवलाचे राहिलेले नाही. मी स्वतः अशाच एका मित्राचा पाहुणा म्हणून बारा दिवस त्या फिरत्या घरात राहिलो. तेथे जे पाहिले, विचारले व नंतर वाचून पडताळले, ते येथे क्रमवार मांडतो.

घर सोबत असताना मोटार कशासाठी?

मोटरहोम मुक्कामाच्या जागी पोहोचले की ते वाहन राहत नाही, घर होते. जमिनीवर आधाराचे पाय टेकवून ते समतल केले जाते, वीज व पाण्याची जोडणी होते, सांडपाण्याची नळी लावली जाते, भिंतीचा एखादा भाग बाहेर सरकवून खोली रुंद केली जाते. मग दूध आणण्यासाठी हा सारा पसारा आवरणे अशक्य नसले तरी अर्धा तास खाणारे काम असते. शिवाय तीस-चाळीस फूट लांबीचे धूड गावातील बाजारात उभे करणार कोठे?

काही ठिकाणी तर त्यास प्रवेशच नाही. माँटाना राज्यातील ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानाचा १९३३ साली खुला झालेला ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता हे प्रसिद्ध उदाहरण. हिमनद्यांनी कोरलेल्या कड्यांना बिलगून जाणाऱ्या या रस्त्याच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनास मज्जाव आहे, आणि या मापात बंपर व आरसेही धरले जातात. म्हणजे ज्या निसर्गासाठी हजार मैल यायचे, त्याचे दर्शन लहान मोटारीतूनच घ्यायचे.

डॉक्टरांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे कारण निराळे आहे. मोटरहोमचे प्रवासी बहुधा साठी ओलांडलेले असतात, आणि मुक्काम शहरापासून दूर, रानात असतो. अशा जागी रुग्णवाहिका बोलावणे हाच पहिला मार्ग. परंतु घसरून मनगट मोडले, नातवास रात्री कानदुखीने झोप येईना किंवा इन्सुलिन संपले, तर स्वतःची मोटार दाराशी असणे ही चैन उरत नाही, ती गरज ठरते. माझ्या मित्राने पन्नाशीनंतर मोटार मागे बांधण्यास आरंभ केला तो याच विचाराने.

जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लहान होडीस डिंगी म्हणतात, म्हणून तिकडील मंडळी या मोटारीसही डिंगी म्हणतात. ‘ओढलेली’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि बेडकाचे इंग्रजी नाव यांचा उच्चार एकच असल्याने ‘टोड’ हे विनोदी नावही तिला लाभले आहे.

ओढण्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार चारही चाके जमिनीवर ठेवून दांड्याने ओढण्याचा. यात वेगळे वाहन सांभाळावे लागत नाही, जोडणे-सोडणे काही मिनिटांचे काम असते. मात्र प्रत्येक मोटार यास पात्र नसते.

दुसऱ्या प्रकारात मोटारीची पुढची दोन चाके ‘डॉली’ नामक दोनचाकी गाड्यावर चढवतात व मागची दोन रस्त्यावर फिरतात. ज्या मोटारींत इंजिनची शक्ती केवळ पुढील चाकांस मिळते, त्यांना हा प्रकार सोयीचा. ज्यांत मागील चाकांनाही शक्ती मिळते, त्या मोटारी या पद्धतीने नेल्यास यंत्रणेस इजा होण्याचा धोका असतो.

तिसरा प्रकार संपूर्ण मोटार ट्रेलरवर चढवून नेण्याचा. जवळजवळ कोणतीही मोटार अशी नेता येते, पण ट्रेलरचे वजन अधिक भरते आणि मुक्कामावर तो रिकामा ट्रेलर ठेवावा कोठे, हा प्रश्न उभा राहतो.

सामान्यतः पहिल्या प्रकारास पसंती असते. मोटारीच्या निवडीचा खरा कस लागतो तो त्यातच.

कोणती मोटार निवडावी?

बालरोगतज्ज्ञास या विषयात रस वाटावा असे येथे काही आहे. नवजात अर्भक आपले दुखणे सांगत नाही. ते आपल्याला वजनावरून, श्वासावरून, त्वचेच्या रंगावरून ओळखावे लागते. मागे बांधलेली मोटारही तशीच मुकी असते. आठ-दहा टनांच्या मोटरहोमच्या चालकास तिचा स्पर्शही जाणवत नाही. तिचे चाक फुटले, ब्रेक अडकला, गिअरबॉक्स तापली, तरी पुढे बसलेल्यास कित्येक मैल पत्ता लागत नाही. म्हणून निवड, मोजमाप व तपासणी हे सारे निघण्यापूर्वी करावयाचे असते.

निवडीतील कळीचा मुद्दा गिअरबॉक्सच्या वंगणाचा. इंजिन बंद असलेली मोटार ओढली जाते तेव्हा चाकांबरोबर गिअरबॉक्सचे काही भाग फिरतच राहतात. बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे फिरणारे भाग कोरडे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला म्हणून हे टळत नाही. परिणाम असा की बाहेरून निर्दोष दिसणारी मोटार मुक्कामी पोहोचते ती गिअरबॉक्स जळालेल्या अवस्थेत, आणि दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरांच्या घरात जातो.

हाताने गिअर बदलण्याच्या अनेक मोटारींत वंगण फिरत्या दातांच्या चाकांमुळेच उडून सर्वत्र पोहोचते, म्हणून त्या पूर्वापार या कामास योग्य समजल्या गेल्या. जीप रँग्लरसारख्या वाहनांत चारही चाकांस शक्ती वाटणारी जी स्वतंत्र पेटी असते, तिलाच न्यूट्रल असते. ती न्यूट्रलमध्ये टाकली की चाके आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. महामार्गांवर मोटरहोममागे इतक्या जीप दिसतात, याचे रहस्य हेच. जनरल मोटर्सच्या सॅटर्न मोटारीही एके काळी या वर्गात लोकप्रिय होत्या; ते नाव २०१० साली बंद झाले.

केवळ मोटारीचे नाव पाहून निर्णय घेऊ नये. होंडा सीआर-व्ही हे बोधप्रद उदाहरण. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या मोटारीस २०१४ पर्यंतच्या मॉडेलांत, निर्मात्याने सांगितलेली कृती पाळून, चारही चाकांवर ओढण्याची मुभा होती. २०१५ च्या मॉडेलात गिअरबॉक्सचा प्रकार बदलला आणि ती मुभा संपली. नाव तेच, रूप साधारण तेच. गुणधर्म मात्र वेगळा. औषधाचे व्यापारी नाव तेच राहून आतील घटक बदलावा, तसाच हा प्रकार. विजेवर चालणाऱ्या मोटारींबाबत तर विशेष सावध राहावे. चाके फिरली की तीत मोटर फिरते व वीज निर्माण होऊ लागते. म्हणून बहुतेक निर्माते त्या चारही चाकांवर ओढण्यास मनाई करतात. टेस्ला मोटारी सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच नेण्याची सूचना असते.

यावर प्रमाण ग्रंथ एकच, त्या विशिष्ट वर्षाच्या, विशिष्ट गिअरबॉक्सच्या मोटारीसोबत आलेली मालकासाठीची पुस्तिका. तीत बिघाड झाल्यावर ओढण्याचे नियम आणि सहलीसाठी ओढण्याचे नियम वेगळे दिलेले असतात, ते नीट पारखावेत. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. वेगाची मर्यादा काय, किती तासांनी इंजिन थोडा वेळ सुरू करावयाचे, कोणता फ्यूज काढावयाचा, स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहावे म्हणून किल्ली कोणत्या स्थितीत ठेवावयाची, आणि तशी ठेवल्याने बॅटरी उतरणार असेल तर काय करावे, हे सारे त्या पुस्तिकेत असते.

आधी वजन, मग मात्रा

बाळाचे वजन केल्याविना आपण औषधाची मात्रा लिहीत नाही. येथेही तोच नियम. प्रत्येक मोटरहोमचे तीन आकडे माहीत हवेत. पहिला, मोटरहोमचे सामानासह व माणसांसह कमाल अनुज्ञेय वजन. दुसरा, मोटरहोम आणि मागे ओढले जाणारे वाहन यांचे मिळून कमाल वजन. तिसरा, ज्या मागील जोडणीस मोटार बांधावयाची तिची व दांड्याची क्षमता. यांतील जो आकडा सर्वांत कमी मुभा देईल, तोच अंतिम.

उदाहरणादाखल गोल आकडे घेऊ. समजा, जोडीच्या एकत्रित वजनाची मर्यादा १०,००० किलो आहे आणि भरलेले मोटरहोम प्रत्यक्षात ६,४०० किलो भरले. वजाबाकी ३,६०० किलो येते. परंतु जोडणीची क्षमता २,२५० किलोच असेल, तर २,२५० किलोपेक्षा जड मोटार बांधता येणार नाही, मग इंजिन कितीही दमदार असो. मोटारीतही सामान भरले जाते, हे विसरून चालत नाही.

‘भरलेले मोटरहोम’ या शब्दांवर जोर आहे. टाकीतील २०० लिटर पाणी म्हणजेच २०० किलो. त्यावर इंधन, स्वयंपाकाचा गॅस, किराणा, पुस्तके आणि तीन पिढ्यांची माणसे. कागदावरील वजन व काट्यावरील वजन यांत त्यामुळे मोठी तफावत पडते. अमेरिकेत महामार्गालगतच्या ट्रकतळांवर वजनकाटे असतात आणि थोड्या शुल्कात प्रत्येक आसावरील भार वेगवेगळा मोजून मिळतो. माझा मित्र सहलीच्या आरंभी न चुकता काट्यावर जातो. मी त्यास कारण विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “अरे, तू आयुष्यभर पोरांना काट्यावर निजवलंस, आणि मला विचारतोस?”

ब्रेक कोणी लावायचा?

गतिमान वस्तूची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर गेल्यास ती सव्वादोन पट होते. मोटरहोमचे ब्रेक सर्वसाधारणपणे त्याच्या स्वतःच्या कमाल वजनाचा विचार करून बसवलेले असतात. मागून दीड-दोन टनांची मोटार ढकलत असेल, तर थांबण्याचे अंतर वाढते, आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते.

यासाठी पूरक ब्रेकयंत्रणा असते. पुढच्या चालकाने ब्रेक दाबला की मागील मोटारीचाही ब्रेक आपोआप दाबला जातो. एका प्रकारात चालकाच्या आसनापुढे ठेवलेली पेटी पाय दाबावा तसा पेडल दाबते. दुसऱ्या प्रकारात यंत्रणा मोटारीत कायमची बसवलेली असते. सोबत एक बारीक तार हवी. मोटार सुटून वेगळी झाल्यास ती तार खेचली जाऊन मोटारीचा ब्रेक स्वतंत्रपणे लागतो. अनेक राज्यांत ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलोहून जड वाहन ओढताना त्यास स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे. राज्याराज्यांत नियम भिन्न आहेत, पण पदार्थविज्ञान सर्वत्र एकच असल्याने ही यंत्रणा सर्वत्र बसवावी. वेगाचेही तसेच. कॅलिफोर्नियात दुसरे वाहन ओढणाऱ्यास ताशी ५५ मैलांची कमाल मर्यादा आहे. ती इतरत्र स्वेच्छेने पाळण्यास कोणाचीही हरकत नसते.

जोडणी आणि यादी

मोटारीच्या पुढील भागात, सांगाड्यास भक्कम लोखंडी पाया बसवतात व त्यास दांडा जोडतात. दांडा शक्यतो जमिनीस समांतर हवा. दोन टोकांच्या उंचीत तीन-चार इंचांहून अधिक फरक नसावा, अन्यथा ब्रेक लावताच मोटार मोटरहोमखाली शिरू पाहते किंवा वर चढू पाहते. दांड्याखालून दोन साखळ्या कात्रीसारख्या एकमेकींना छेदून बांधतात, म्हणजे दांडा निखळला तरी तो साखळ्यांच्या झोळीत पडतो. विजेच्या तारेने मागील मोटारीचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांशी जोडले जातात.

आणि एक गोष्ट कायम स्मरणात हवी. चारही चाकांवर ओढलेली मोटार जोडीने मागे घेता येत नाही. मागे ढकलताच तिची पुढची चाके वेडीवाकडी वळतात आणि दांडा वाकतो. म्हणून पेट्रोल पंपात शिरण्याआधीच बाहेर पडण्याची वाट हेरून ठेवावी लागते.

इतक्या गोष्टी स्मरणात ठेवणे धोक्याचे, म्हणून लेखी यादी. तिचा इतिहास डॉक्टरांनी जाणण्याजोगा आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायो राज्यातील डेटनजवळ बोइंगचे नवे ‘मॉडेल २९९’ विमान उड्डाण करताच कोसळले. यंत्रात दोष नव्हता. जमिनीवर असताना विमानाची नियंत्रणे बांधून ठेवणारे कुलूप उड्डाणापूर्वी काढण्याचे राहून गेले होते. चालक अत्यंत अनुभवी होते. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी यादीची प्रथा रूढ झाली. हीच कल्पना डॉ. अतुल गावंडे यांनी शस्त्रक्रियागृहात आणली. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे मूळ असलेल्या, ओहायोत स्थायिक झालेल्या मूत्रशल्यविशारद पित्याचे आणि बालरोगतज्ज्ञ मातेचे ते पुत्र. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेली १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या, २००९ साली प्रकाशित झालेल्या अभ्यासात यादीच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

त्या यादीचे तीन टप्पे आपणांस परिचित आहेत : भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी. मित्राच्या मोटरहोममधील यादीचेही तीनच टप्पे होते. जोडण्यापूर्वी : चाकांतील हवा, दांड्यावरील भेगा, पिना. निघण्यापूर्वी : गिअरची स्थिती, हातब्रेक सोडलेला, स्टिअरिंग मोकळे, साखळ्या, सुटकेची तार, डावा-उजवा व ब्रेकचा दिवा. आणि पहिल्या काही मैलांनंतर थांबून : सर्व चाकांना हाताचा स्पर्श. वहिनी यादी मोठ्याने वाचत आणि मित्र प्रत्येक वस्तूस हात लावून उत्तर देई. या वेळी दुसरे संभाषण वर्ज्य.

एका सकाळी या तिसऱ्या टप्प्याचे मोल प्रत्यक्ष दिसले. पंधरा मैलांनंतरच्या थांब्यावर त्याने मोटारीच्या चाकांच्या मध्यभागाजवळ एकेक करून हात नेला. पुढची दोन्ही चाके मागच्या चाकांहून स्पष्टपणे गरम होती. पूरक ब्रेकची पेटी किंचित पुढे सरकून पेडल अर्धवट दाबले गेले होते. पेटी जागेवर घट्ट बसवण्यास पाच मिनिटे लागली. तशीच ती दिवसभर ओढली असती, तर ब्रेक जळाले असते, कदाचित चाकाने पेटही घेतला असता. पुढच्या आसनावर आम्हांस यातले काहीच जाणवले नव्हते. तुलना करून पाहणे, ही आपली तपासणीची जुनीच रीत तेथे उपयोगी पडली. चाकांतील हवेचा दाब व तापमान चालकास दाखवणारे उपकरण आणि मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा आता सहज मिळतो. दोन्ही अवश्य बसवावीत, पण त्यांनी हाताच्या स्पर्शास रजा देऊ नये.

नातवंडे आणि पाहुणे

बालरोगतज्ज्ञ म्हणून काही सूचना आग्रहाने करतो. मोटार जोडताना वा सोडताना मुले आवारात मोकळी नसावीत. दोन वाहनांमधील जागा त्यांच्यासाठी सर्वांत घातक. एका प्रौढाने केवळ मुलांकडेच पाहावे, त्याने जोडणीत हात घालू नये. ओढल्या जाणाऱ्या मोटारीत कोणीही बसू नये, झोपलेले मूलही तीत ठेवू नये. मोटरहोम चालू असताना लहानांचे सुरक्षा-आसन पुढे तोंड असलेल्या, पट्टा असलेल्या बैठकीवरच बांधावे. आडव्या सोफ्यावर वा मागे तोंड असलेल्या बाकावर ते बांधू नये. एवढ्या योग्य जागा नसतील, तर एकाने मोटार स्वतंत्र चालवत न्यावी व मुले तीत बसवावी. असे करण्यात कमीपणा नाही.

तसेच, मोटार मागे बांधलीच पाहिजे असेही नाही. मोटरहोम लहान व्हॅनच्या आकाराचे असेल, मुक्काम शहरालगत असेल किंवा सहल चार दिवसांची असेल, तर तेथे पोहोचून मोटार भाड्याने घेणे स्वस्त व निर्धोक पडते. मोटरहोमच भाड्याचे असल्यास करारात दुसरे वाहन ओढण्याची परवानगी आहे का, हे आधी वाचावे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा फिरत्या घराची कल्पना आपल्याही दारी आली आहे. आपल्या घाटांत मागे मोटार बांधून जाण्याचा प्रसंग लवकर येईल असे दिसत नाही. पण येत्या उन्हाळ्यात ज्यांना मुलांकडून असे आमंत्रण येईल, त्या सभासदांनी निघण्याच्या दिवशी चहाचा पेला खाली ठेवून बाहेर यावे, यादी हाती घ्यावी आणि मोठ्याने वाचावी. मुलाला थोडी घाई असेल, तो “बाबा, मी सगळं पाहिलंय” असेही म्हणेल. तरी पहिल्या ओळीपासून वाचावी, आणि पहिल्या थांब्यावर त्याच्याबरोबर खाली उतरावे.